दुरुस्ती करणे आणि दुरुस्ती पोहोचवणे

यंत्र बिघडले की ते नीट करणारा माणूस आपल्याकडे दुर्मिळ नाही. विहिरीवरची मोटर जळली तर ती पुन्हा भरून देणारा, मोबाइलचा डिस्प्ले फुटला तर तो बदलून देणारा, असा हुशार कारागीर प्रत्येक पेठेत एक तरी असतोच. तथापि त्याची दुरुस्ती त्या एका वस्तूपुरती असते. तीच मोटर पलीकडच्या गावी त्याच जागी जळते आणि तेथला कारागीर पुन्हा पहिल्यापासून विचाराला लागतो. मोटरीच्या बाबतीत याने फारसे बिघडत नाही.

संगणकाच्या सॉफ्टवेअरची गोष्ट निराळी आहे. तेथे मूळ वस्तू एकच असते आणि तिच्या प्रती कोट्यवधी. मूळ प्रतीत एक चूक राहिली तर ती नरसीतल्या, नागपुरातल्या आणि न्यूयॉर्कमधल्या संगणकावर एकाच वेळी हजर असते. आणि मूळ प्रतीत ती एकदा सुधारली की सर्वत्र सुधारण्याची सोय होते. म्हणून या क्षेत्रात दुरुस्ती करणे हे निम्मेच काम होय. ती मूळ ठिकाणी पोहोचवणे, इतरांच्या कामाशी तिचा मेळ बसवणे आणि योग्य क्रमाने ती अमलात आणणे, हे उरलेले निम्मे. हे दुसरे निम्मे काम कसे चालते आणि आपल्या मराठीचा त्याच्याशी काय संबंध आहे, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

नरसी ही संत नामदेवांची जन्मभूमी म्हणून ओळखली जाते. तेव्हा येथल्या श्रोत्यांना एक दाखला चटकन पटेल. छापखाना येण्यापूर्वी अभंग वह्यांतून उतरवले जात. एखाद्या जाणत्या वारकऱ्याला आपल्या वहीतला शब्द चुकलेला दिसे. तो आपल्या वहीत दुरुस्त करी. त्या वहीवरून ज्यांनी नकला केल्या त्यांना ती दुरुस्ती मिळे. बाकीच्या वह्यांत चूक तशीच पुढे चाले. कधी दुसरा कोणी तोच शब्द निराळ्या तऱ्हेने दुरुस्त करी. पुढे संपादक या साऱ्या वह्या समोर घेऊन बसला की त्याच्यापुढे पाठभेदांचा डोंगर उभा राही. प्रत्येकाने दुरुस्ती प्रामाणिकपणेच केलेली असे. वह्यांना एकमेकींशी बोलता येत नव्हते, एवढीच अडचण होती.

सॉफ्टवेअरच्या जगात या वह्यांना एकमेकींशी बोलते करण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांतला एक मोठा प्रयत्न आपण पाहू. संगणक सुरू केल्यापासून कीबोर्डवरची कळ ओळखणे, पडद्यावर अक्षर उमटवणे, फाइल जपून ठेवणे, प्रिंटरला हुकूम देणे ही सारी घरकामे जी करते तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. विंडोज हे त्यांतले परिचित नाव. तिच्याखेरीज लिनक्स या गाभ्यावर उभारलेल्या अनेक सिस्टिम आहेत, आणि त्यांत डेबियन ही मोठी व जुनी. इयान मर्डॉक या तरुणाने १६ ऑगस्ट १९९३ रोजी तिची घोषणा केली. तिला कोणी मालक नाही. जगभरचे स्वयंसेवक ती चालवतात. तिच्यातील मजकूर वाचण्याची, बदलण्याची आणि वाटण्याची मोकळीक सर्वांना आहे. आज तिच्या भांडारात साठ हजारांहून अधिक पॅकेजेस आहेत. पॅकेज म्हणजे एकेका कामाचे बांधून ठेवलेले गाठोडे. आणि प्रत्येक गाठोड्याला ते सांभाळणारा एक माणूस किंवा एक गट नेमून दिलेला असतो.

डेबियनच्या घराला तीन दालने आहेत असे समजा. पहिले ‘अस्थिर’, दुसरे ‘परीक्षेचे’, तिसरे ‘स्थिर’. नवी वस्तू प्रथम अस्थिर दालनात येते. तेथे काही दिवस ती टिकली, तिच्याविरुद्ध गंभीर तक्रार आली नाही, म्हणजे ती परीक्षेच्या दालनात जाते. आणि साधारण दोन वर्षांनी ते दालन गोठवून, त्यातले दोष काढून, ‘स्थिर’ म्हणून लोकांच्या हाती दिले जाते. बँका, विद्यापीठे, सरकारी कचेऱ्या वापरतात ते हे तिसरे. पहिल्या दालनाचे कायमचे नाव ‘सिड’ आहे. ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटात शेजारचा जो खोडकर मुलगा खेळणी मोडतो त्याचे हे नाव. येथे वस्तू मोडणार हे गृहीत धरूनच कारभार चालतो. शेतकरी नवे बियाणे आधी एका वाफ्यात लावून पाहतो, तसा हा वाफा होय. फेडोरा या दुसऱ्या सिस्टिममध्ये याच वाफ्याला ‘रॉहाइड’ म्हणतात.

आता या वाफ्यात मोडते ते काय? पुष्कळदा एकेक वस्तू आपापल्या जागी धडधाकट असते. मोडतो तो त्यांचा परस्परांशी असलेला मेळ. कोणताही प्रोग्रॅम आपली सगळी कामे स्वतः करीत नाही. तारीख काढणे, फाइल दाबून लहान करणे, अक्षर जोडणे अशी कामे तो सामाईक अवजारपेट्यांकडून करून घेतो. या पेट्यांना लायब्ररी म्हणतात. एकाच पेटीवर शेकडो प्रोग्रॅम अवलंबून असतात. पेटीवाल्याने अवजार सुधारले, पण सुधारताना त्याची मूठ बदलली, तर जुन्या मुठीची सवय असलेले शेकडो हात एकदम अडतात.

हिंगोलीकरांना हे आगगाडीच्या उदाहरणाने लगेच कळेल. पूर्णा ते अकोला हा हिंगोलीवरून जाणारा लोहमार्ग पूर्वी मीटरगेज होता. दोन रुळांत अंतर एक मीटर. २००८ पर्यंत तो ब्रॉडगेज झाला, अंतर १.६७६ मीटर. मीटरगेजचा डबा वाईट नव्हता आणि ब्रॉडगेजचा रूळही वाईट नाही. परंतु हा डबा त्या रुळावर चालत नाही. रूळ बदलावयाचे तर मधली सारी स्टेशने, पूल, फलाट, इंजिने आणि डबे यांचा एकत्र विचार करावा लागतो. एका स्टेशन मास्तरने उत्साहाने आपल्यापुरते दोन मैल रूळ रुंद केले, तर त्याला सुधारणा म्हणता येणार नाही. मार्ग तेवढा तुटला, असेच म्हणावे लागेल.

असेच एक रुळबदलाचे काम डेबियनने २०२४ साली हाती घेतले. त्याचे कारण काळाच्या मोजणीत आहे. या जातीच्या सिस्टिमचे घड्याळ तास-मिनिटांचा हिशोब ठेवीत नाही. १ जानेवारी १९७० रोजी ग्रीनिचच्या वेळेप्रमाणे दिवस सुरू झाला, तेव्हापासून किती सेकंद लोटले हा एकच आकडा ते वाढवीत नेते. जुन्या यंत्रांत या आकड्याला ३२ घरे दिलेली असत, आणि त्यांतले एक घर अधिक-उणे दाखवण्यात खर्च होई. अशा ३२ घरांत मावणारी मोठ्यात मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७ ही होय. तितके सेकंद भरण्याचा क्षण भारतीय वेळेप्रमाणे १९ जानेवारी २०३८, मंगळवार, सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद हा आहे. त्यापुढच्या सेकंदाला आकडा उलटतो आणि घड्याळ डिसेंबर १९०१ ची तारीख दाखवू लागते.

कोणी म्हणेल, २०३८ अजून दूर आहे. परंतु वीस वर्षांच्या मुदतीचे घरकर्ज २०१८ नंतर काढले असेल तर त्याचे शेवटचे हप्ते या तारखेपलीकडे पडतात. विम्याची मुदत, निवृत्तिवेतन, भाडेपट्टा यांचेही तेच. शिवाय भिंतीत, खांबावर, कारखान्यात बसवलेली लहान ३२ घरांची यंत्रे एकदा बसवली की पंधरा-वीस वर्षे कोणी उघडून पाहत नाही. आज बसवलेले यंत्र त्या मंगळवारी सकाळी चालू असण्याचा पुष्कळ संभव आहे.

यावर उपाय सोपा आहे: ३२ च्या जागी ६४ घरे द्यावीत. मग पुढच्या अब्जावधी वर्षांची चिंता मिटते. मोठ्या संगणकांत हे पूर्वीच झालेले होते. प्रश्न उरला होता तो लहान ३२ घरांच्या यंत्रांचा, विशेषतः ‘आर्म’ जातीच्या स्वस्त चिपांवर चालणाऱ्यांचा. त्यांच्यासाठी लागणारी मूळ सोय सिस्टिमच्या पायाभूत लायब्ररीत, म्हणजे ग्लिबसीत, २०२१ साली आली. म्हणजे दुरुस्ती तयार होती. डेबियनमध्ये ती अमलात येण्यास मात्र २०२४ उजाडले. मधला काळ आळसात गेला नाही. अडचण मेळाची होती. ज्या लायब्ररीला तारीख द्यावी किंवा जिच्याकडून तारीख घ्यावी, तिची मूठ या बदलाने बदलते. जुना प्रोग्रॅम चार खणांत तारीख ठेवून देणार, नवी लायब्ररी आठ खण उघडून वाचणार. पुढच्या चार खणांत जे काही पडलेले असेल तेही ती तारीख म्हणून वाचील. प्रोग्रॅम थांबला तर एक वेळ बरे. तो न थांबता चुकीचे उत्तर देऊ लागला तर फार वाईट.

हे काम स्टीव्ह लँगासेक आणि त्यांचे सहकारी यांनी पुढाकार घेऊन पार पाडले. त्याची रीत समजून घेण्याजोगी आहे, कारण कोणत्याही सामाईक दुरुस्तीला ती लागू पडते.

पहिली पायरी यादीची. कोणत्या लायब्ररींची मूठ खरोखर बदलते हे प्रत्येक लायब्ररी तपासून ठरवण्यात आले. अंदाजाने सगळ्यांना हात लावला नाही आणि विश्वासाने कोणाला सोडलेही नाही. यादी शेकड्यांत गेली.

दुसरी पायरी नावाची. बदललेल्या प्रत्येक लायब्ररीच्या पॅकेजच्या नावापुढे ‘टी६४’ अशी शेपटी जोडली. यामुळे जुना प्रोग्रॅम नव्या लायब्ररीला चुकून चिकटत नाही. त्याला जुन्या नावाची लायब्ररी हवी असते आणि ती नसेल तर तो बसवलाच जात नाही. अपघात होण्यापेक्षा गाडी सुटूच नये, असा हा विचार होय.

तिसरी पायरी सूचनेची. डेबियनचा रिवाज असा की ज्याचे पॅकेज त्याने सांभाळावे. दुसऱ्याने त्यात परस्पर हात घालू नये. पण शेकडो सांभाळकर्ते एकाच आठवड्यात मोकळे कोठून मिळणार? तेव्हा प्रत्येकाच्या नावे सार्वजनिक तक्रारवहीत नोंद करण्यात आली; नुसती तक्रार नव्हे, सोबत तयार दुरुस्तीही जोडली. सॉफ्टवेअरवाले अशा दुरुस्तीला पॅच म्हणतात. आम्ही अमुक बदल करणार आहोत, तो येथे आहे, हरकत असेल तर सांगा. असे आधी कळवून मग बाहेरच्या माणसांनी ती पॅकेजेस चढवली. शेजाऱ्याच्या शेतातून पाट न्यावयाचा तर आधी बांधावरून हाक द्यावी, हे आपण जाणतोच.

चौथी पायरी क्रमाची. बदललेल्या लायब्ररी प्रथम अस्थिर दालनाच्याही बाहेर, प्रयोगासाठी राखलेल्या जागेत ठेवल्या. २०२४ च्या फेब्रुवारीअखेरीस त्या सिडमध्ये येऊ लागल्या. मग त्यांच्यावर अवलंबून असलेली हजारो पॅकेजेस नव्याने बांधावी लागली. यात गाठ अशी पडते की ‘अ’ बांधण्यास ‘ब’ लागतो आणि ‘ब’ बांधण्यास ‘अ’. अशा गाठी एकेक करून हातांनी सोडवाव्या लागल्या. कित्येक आठवडे सिडची स्थिती गेजबदलाच्या काळातल्या स्टेशनासारखी होती: एक फलाट उखडलेला, दुसऱ्यावर गाडी नाही. सिडवर काम करणाऱ्यांना ठाऊक होते की घाईने सगळे अद्ययावत करू गेल्यास सिस्टिम आपली निम्मी पॅकेजेस काढून टाकण्याची भाषा करील. जुन्या माणसांनी नव्यांना थांबावयास सांगितले. थांबणे हेही अशा वेळी कामच असते.

आणि पाचवी गोष्ट, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती अपवादाची. इंटेलच्या जुन्या ३२ घरांच्या यंत्रांसाठी डेबियनची जी शाखा आहे, तिला या बदलातून मुद्दाम वगळले. कारण ती शाखा आता राहिली आहे ती मुख्यतः जुने, बांधून ठेवलेले प्रोग्रॅम चालवण्यासाठी. तेथे मूठ बदलली तर ते सारे प्रोग्रॅम निकामी होतील, आणि त्यांना नव्याने बांधून देणारा कोणी उरलेला नाही. सुसंगतीसाठी एका ठिकाणी बदल केला. त्याच सुसंगतीसाठी दुसऱ्या ठिकाणी केला नाही. नियम एकच ठेवावयाचा आणि त्याचा उपयोग मात्र ठिकाण पाहून करावयाचा, हा विवेक यंत्राला सुचत नाही. त्यासाठी माणसांना एकत्र बसावे लागते.

९ ऑगस्ट २०२५ रोजी डेबियनची १३ क्रमांकाची स्थिर आवृत्ती, ‘ट्रिक्सी’, प्रसिद्ध झाली. तिच्यात हा बदल आहे. लँगासेक ती पाहावयास राहिले नाहीत. २०२५ च्या आरंभीच त्यांचे निधन झाले. परंतु काम एका वहीत अडकून पडलेले नसल्यामुळे ते थांबले नाही. तक्रारवहीत प्रत्येक पायरी लिहिलेली होती. दुसऱ्यांनी ती वाचून पुढे नेली.

या उघड वहीचे आणखी एक फळ याच काळात दिसले. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने जाहीर केले की फाइली दाबून लहान करणाऱ्या ‘एक्सझेड’ या लायब्ररीच्या ताज्या आवृत्त्यांत कोणीतरी चोरवाट बसवली आहे. सिडवर काम करताना दूरच्या संगणकात प्रवेश घेण्यास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढ्याशा शंकेवरून त्यांनी तपास केला होता. चोरवाट बसवणाऱ्याने दोन वर्षांहून अधिक काळ प्रामाणिक मदतनीस म्हणून वावरून विश्वास मिळवला होता, आणि ती लायब्ररी सांभाळणारा एकटा, थकलेला स्वयंसेवक होता. त्या आवृत्त्या सिड व परीक्षेच्या दालनापर्यंत पोहोचल्या होत्या; स्थिर दालनात गेल्या नव्हत्या. वाफ्याचा उपयोग येथे दिसतो. त्याचबरोबर हेही दिसते की सामाईक कामात एकट्यावर भार टाकून बाकीचे निश्चिंत राहिले तर धोका सर्वांनाच होतो.

आता आपल्या घरी येऊ. मराठीने या बाबतीत दोन्ही मार्ग अनुभवले आहेत: प्रत्येकाने आपल्या वहीत दुरुस्ती करण्याचा, आणि दुरुस्ती मुळाशी नेण्याचा.

संगणकाला अक्षर कळत नाही. त्याला क्रमांक कळतो. भारतीय लिप्यांसाठी क्रमांक ठरवणारे ‘इस्की’ हे मानक भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली प्रसिद्ध केले, आणि त्याच वर्षी जगातील सर्व लिप्यांसाठीचे युनिकोड निघाले. तरीही पुढे कित्येक वर्षे आपले छापखाने आणि कचेऱ्या निरनिराळ्या कंपन्यांच्या फॉन्टांवर चालल्या. त्या फॉन्टांत इंग्रजी अक्षराच्या क्रमांकावर मराठी अक्षराचे चित्र बसवलेले असे, आणि कोणते चित्र कोठे बसवावयाचे हे ज्याचे त्याने ठरवलेले असे. प्रत्येकाची अडचण दूर झाली. पत्रके छापून निघाली. मात्र एका फॉन्टातला मजकूर दुसऱ्यात उघडला की पडद्यावर अर्थहीन इंग्रजी अक्षरे दिसू लागत. फॉन्ट हरवला की मजकूर हरवला. ठरावांच्या, वर्गणीदारांच्या, दिवाळी अंकांच्या अशा किती फाइली आज उघडत नाहीत, हे आपापल्या गावच्या छापखान्यात विचारून पाहावे.

युनिकोडने प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला. इस्कीच्या पायावर रचना केल्यामुळे भारतीय लिप्या त्यात एकाच क्रमाने बसल्या आहेत. देवनागरीतील ‘क’चा क्रमांक २३२५, गुरुमुखीतील ‘क’चा २५८१, अंतर नेमके २५६. नामदेवांची ६१ पदे गुरुग्रंथसाहिबात गुरुमुखीत आहेत आणि मराठी गाथा देवनागरीत. ही दोन्ही एकाच पानावर ठेवणे आणि त्यांत शब्द शोधणे ही गोष्ट जुन्या फॉन्टांच्या काळी फार खटपटीची होती. आता ती कोणताही विद्यार्थी करू शकतो.

तथापि क्रमांक मिळाला म्हणजे अक्षर उमटले असे नाही. कीबोर्डच्या मांडणीत ते हवे, फॉन्टात त्याचे चित्र हवे, जोडाक्षरे जुळवणाऱ्या लायब्ररीला त्याचा नियम ठाऊक हवा, शब्दकोशात ते हवे. ही चार माणसांची चार कामे. आणि एकाने पाऊल टाकले की बाकीच्या तिघांनी ते टाकेपर्यंत अक्षर अडते. ‘ॲ’चे उदाहरण घ्या. बॅटमधला चंद्र कान्याविना येत असला तरी ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये आले ते २००८ सालच्या ५.१ या आवृत्तीत, २४१८ या क्रमांकावर. तोवर लोक ‘अ’ लिहून त्यावर चंद्र चढवीत. म्हणजे २३०९ आणि २३७३ असे दोन क्रमांक. दिसावयास दोन्ही सारखेच. पण यंत्राच्या लेखी ते दोन भिन्न शब्द. एका तऱ्हेने लिहिलेला ‘ॲड्व्होकेट’ दुसऱ्या तऱ्हेने शोधल्यास सापडत नाही. ज्या फॉन्टाला नवे अक्षर ठाऊक नव्हते तेथे त्या जागी नुसता रिकामा चौकोन दिसे.

‘ऱ्या’ची कथा याहून बोधप्रद आहे. आचार्यांना नमस्कार करणे आणि आचाऱ्यांना स्वयंपाक सांगणे यांतला फरक मराठी माणसाला वेगळा समजावून द्यावा लागत नाही. दर्या आणि दऱ्या यांतलाही नाही. हिंदीला या आडव्या रफाराची गरज पडत नाही; म्हणून देवनागरी म्हणजे हिंदी, असे समजून काम करणाऱ्याच्या हातून तो सुटण्याचा संभव असतो. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारांनी लिहिता येतो: ‘ऱ’ आणि हलन्त, किंवा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य सांधा. दुसरा प्रकार १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीत लिहिलेला मजकूर बिघडू नये म्हणून मुद्दाम राखलेला आहे. येथेही जुन्या इंटेल शाखेसारखाच विवेक दिसतो. पण त्यामुळे शोध घेणाऱ्या आणि शब्दलेखन तपासणाऱ्या प्रोग्रॅमांना दोन्ही प्रकार एकच मानण्याची तजवीज स्वतंत्रपणे करावी लागते.

ही जोडाक्षरे जुळवणारी जी मुक्त लायब्ररी आज बहुतेक लिनक्स सिस्टिममध्ये आणि अँड्रॉइड फोनमध्येही वापरली जाते, तिचे नाव ‘हार्फबझ’. तिच्यातील भारतीय लिप्यांचा भाग बेहदाद एसफाहबोद यांनी २०१२ च्या सुमारास नव्याने लिहिला. ते मूळचे इराणी. या लिप्या त्यांच्या मातृभाषेच्या नव्हेत. त्यांनी भारतीय भाषांच्या विकिपीडियांतून लक्षावधी शब्द घेतले आणि विंडोजवर ते कसे जुळतात व आपल्या लायब्ररीत कसे जुळतात हे ताडून पाहिले; जेथे फरक निघाला तेथे कोणाचे बरोबर याचा शोध घेतला. येथे एक सूक्ष्म अडचण येते. जुन्या लायब्ररीतली उणीव झाकण्यासाठी फॉन्ट करणाऱ्याने कधी आपल्या फॉन्टात युक्ती केलेली असते. लायब्ररी सुधारली की ती युक्ती आणि सुधारणा अशा दोन्ही एकदम लागू होतात आणि पूर्वी नीट दिसणारे अक्षर आता बिघडते. दोघेही बरोबर वागलेले असतात. म्हणून अशा बदलाची वार्ता फॉन्टवाल्यांना आधी द्यावी लागते, आणि नवी लायब्ररी व जुने फॉन्ट यांची गाठ प्रथम सिडसारख्या वाफ्यात पडू द्यावी लागते.

या साखळीत महाराष्ट्राचा वाटा आहे. ‘लोहित’ हे भारतीय लिप्यांचे फॉन्ट रेड हॅट कंपनीने २००४ साली मुक्त परवान्याने खुले केले आणि पुण्यातील अभियंत्यांनी ते पुढे वर्षानुवर्षे सांभाळले. २०११ साली त्यांचा परवाना अधिक मोकळा करण्यात आला. त्यांत केलेली दुरुस्ती फेडोरात आली, डेबियनमध्ये गेली, आणि तेथून कोठल्या कोठे पोहोचली. ६ नोव्हेंबर २००९ रोजी महाराष्ट्र शासनाने वर्णमालेसंबंधी निर्णय काढून पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ही मराठी वळणे मान्य केली. युनिकोडमध्ये मराठी व हिंदी ‘ल’ला क्रमांक एकच आहे. कोणते वळण काढावयाचे हे फॉन्ट ठरवतो, आणि मजकूर मराठी आहे असे त्याला कोणी सांगितले तरच ठरवू शकतो. शासनाचा निर्णय, फॉन्टातली सोय आणि मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी निवडणारा टंकलेखक, हे तिघे जुळले म्हणजेच आपले वळण पडद्यावर दिसते. पहिल्या दोघांनी आपले काम केले असले तरी तिसरा भाषा ‘हिंदी’ ठेवून बसला तर दोष फॉन्टाला देण्यात अर्थ नाही.

आपल्यासारख्या नगरवासीयांनी यात काय करावे, असा प्रश्न साहजिक आहे. प्रोग्रॅम लिहिता येत नाही म्हणून हात जोडून बसण्याचे कारण नाही. ‘ऱ्या’ चुकला आहे हे ज्याला दिसते त्याच्याजवळ मोलाचे ज्ञान आहे. परदेशात बसलेल्या कुशल अभियंत्याला ते नसते. ते त्याच्यापर्यंत नीट पोहोचवले पाहिजे. तक्रार लिहिताना चार गोष्टी लिहाव्यात: कोणता शब्द लिहिला, काय दिसावयास हवे होते, काय दिसले, आणि कोणत्या सिस्टिमच्या व फॉन्टाच्या कोणत्या आवृत्तीवर. सोबत पडद्याचे चित्र जोडावे. लिहिण्यापूर्वी तीच तक्रार आधी कोणी केली आहे काय हे पाहावे. असेल तर तिच्यातच आपली माहिती भरावी, नवी वही उघडू नये. दोष फॉन्टाचा की लायब्ररीचा हे कळले तर ज्याचा त्याच्याकडे पाठवावा. न कळले तर तसे स्पष्ट लिहावे. पलीकडे बहुधा रात्री जागून काम करणारा स्वयंसेवक असतो, हे ध्यानात ठेवून भाषा सौम्य ठेवावी. महाविद्यालयातल्या एखाद्या मुलाने जुन्या संगणकावर सिड किंवा रॉहाइड बसवून दर महिन्याला मराठीचे एक पान उघडून पाहिले, तरी स्थिर आवृत्ती निघण्यापूर्वी मराठीचे दोष पकडले जातील. नंतर पकडलेला दोष दोन वर्षे सर्वांच्या कपाळी बसतो.

ज्यांच्या कचेरीत जुन्या फॉन्टांतल्या फाइली आहेत त्यांनी तो फॉन्ट अजून जवळ आहे तोवर त्या युनिकोडमध्ये उतरवून घ्याव्यात आणि उतरवलेली प्रत एकदा डोळ्यांखालून घालावी, विशेषतः रफार आणि जोडाक्षरे. हे काम उद्यावर टाकले तर करावयास मजकूरच उरणार नाही.